साठीनंतरचा खांदा

मध्य प्रदेशात इंदूरजवळचा देपालपूर तालुका म्हणजे सोयाबीन आणि गव्हाचा मुलूख. पोती उचलण्यात हयात गेलेल्या माणसाचा खांदा साठीनंतर दुखू लागला, की घरचे म्हणतात, ‘वयच झालंय.’ हे अर्धंच खरं आहे.

खांद्याच्या गोल हाडाला चार स्नायूंच्या कंडरा वेढून असतात. हाच रोटेटर कफ. त्यातली सगळ्यात वरची कंडरा दोन हाडांमधल्या चिंचोळ्या जागेतून जाते. वयाबरोबर ती झिजते आणि कधी बादली उचलण्याचं निमित्त होऊन फाटते. मग त्या कुशीवर झोपवत नाही, सदऱ्याच्या बाहीत हात घालताना कळ येते.

हात स्वतःहून उचलत नाही, पण दुसऱ्याने धरून नेला तर वर जातो, असं असेल तर कंडरा फाटल्याची शंका घ्यावी. दुसऱ्यालाही तो नेता येत नसेल, तर बहुधा फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा. मधुमेहींत तो जास्त आढळतो.

1995 साली अमेरिकेत, खांद्याची काहीही तक्रार नसलेल्यांचे एमआरआय काढले गेले. साठीपुढच्या निम्म्याहून अधिक जणांची कंडरा फाटलेली निघाली! म्हणून नुसता रिपोर्ट वाचून धास्तावू नका. फिजिओथेरपीनेच पुष्कळांना आराम पडतो. पडल्यावर हात अचानक उचलेनासा झाला, तर मात्र तेल चोळत महिने घालवू नका. स्नायू आकसून त्यात चरबी भरली, की कंडरा शिवणं अवघड होतं.