खांद्याच्या दुखापतीनंतर धनुष्यबाणाने शिकार पुन्हा कधी?

भारतात 1972 च्या कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. अमेरिकेत मात्र परवाना काढून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करता येते.

पण शिकाऱ्याच्या खांद्याचा ‘रोटेटर कफ’ फाटला तर? हे चार स्नायू दंडाचं हाड खोबणीत धरून ठेवतात. शस्त्रक्रियेनंतर टेंडन हाडाला पुन्हा जुळायला काही महिने लागतात. त्यामुळे दुखणं थांबलं म्हणजे खांदा बरा झाला, असं नसतं.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर सुरुवात कमी ताणाने करायची. कंपाउंड धनुष्याचा ताण बोल्ट फिरवून कमी-जास्त करता येतो. पण कोलोरॅडोत शिकारीसाठी किमान 35 पौंड ताण लागतो. बाणात जोर नसेल तर हरिण मरत नाही, जखमी होऊन पळतं. तेवढा ताण सहज खेचता येत नसेल, तर यंदाचा हंगाम सोडलेला बरा.