तुरीला कबुतरांचं नाव

ब्रिजटाऊन, बार्बाडोस

वाशीम जिल्ह्यातल्या केनवडच्या शिवारात सोयाबीन निघून जातं, तासातली तूर उभी राहते आणि शेंगा भरू लागतात. नाताळच्या त्याच दिवसांत ब्रिजटाऊनच्या चीपसाइड बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा येतात. दाणे सोलूनही मिळतात. आपले सोलेच ते! इथे त्यांना ‘पिजन पी’, म्हणजे कबुतरांचा वाटाणा म्हणतात. इंग्रजीत जगभर रूढ झालेलं हे नाव याच बेटावरून निघालं. बार्बाडोसात हे दाणे कबुतरांना चारतात, अशी नोंद लिओनार्ड प्लुकनेट या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १६९२ मध्ये केली.

बेट ४३० चौरस किलोमीटरचं. वाशीम जिल्ह्याच्या दहाव्या भागाएवढंही नाही. १६२७ मध्ये इंग्रजांनी इथे वस्ती केली. १६४० नंतर उसाने जमीन व्यापली आणि त्या उसासाठी आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली गेली. तूर मूळची भारतातली. ती आधी आफ्रिकेत रुजली आणि याच व्यापाराच्या वाटेने समुद्रापार आली. खोल मुळांचं, पावसाने ओढ दिली तरी तग धरणारं हे झाड इथल्या चुनखडीच्या जमिनीत टिकलं.

हे नाव मला सलतं. उसाच्या फडात राबणारी माणसंही तूर खात होती, पण वहीत नोंदली गेली ती कबुतरं. जमैकात तुरीला ‘गुंगो’ म्हणतात. ते नाव आफ्रिकेतल्या काँगोकडचं. तिथे खाणाऱ्यांचा शब्द टिकला, याचं मला फार समाधान वाटतं.

बार्बाडोस १९६६ मध्ये स्वतंत्र झाला, २०२१ मध्ये प्रजासत्ताक. नाताळला इथे ‘जगजग’ करतात: तुरीचे दाणे शिजवायचे, खारवलेल्या मांसासोबत वाटायचे, त्यात पीठ घालून घट्ट होईपर्यंत घोटायचं. पीठ कशाचं? ज्वारीचं! इथे तिला ‘गिनी कॉर्न’ म्हणतात. स्कॉटलंडहून आलेल्या वेठमजुरांच्या हॅगिसवरून हा पदार्थ निघाला असं सांगतात. पण तूर आणि ज्वारी दोन्ही आफ्रिकेच्या वाटेने आलेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती रांधली गुलाम केलेल्या बायकांनी. म्हणून जगजग मी त्यांचंच मानतो.