चाकांवरचं घर घेऊन रानात राहणारे लोक पिण्याचं पाणी आणतात कुठून?

व्हॅनलाइफचे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. गाडीचं मागचं दार उघडतं, समोर निळाशार तलाव, लांबवर बर्फाचा डोंगर, गॅसवर उकळणारी कॉफी आणि पायाशी लोळणारं कुत्रं. बघणाऱ्याला वाटतं, नोकरी सोडावी आणि निघावं.

पण त्या रीलमध्ये एक गोष्ट सहसा दिसत नाही. कॉफीत घातलेलं पाणी आलं कुठून?

युरोपात दरवर्षी हजारो लोक मोटारहोम घेऊन फिरतात. मोटारहोम म्हणजे झोपायला बेड, छोटं किचन, संडास आणि शॉवर असलेली गाडी. यातले बरेच जण पैसे भरून कॅम्पसाइटवर न राहता डोंगरात, समुद्राकाठी, कुठल्यातरी शांत पार्किंगमध्ये मुक्काम करतात. याला म्हणतात वाइल्ड कॅम्पिंग. विजेचा प्रश्न छतावरचं सोलर पॅनल सोडवतं, गॅसचा सिलिंडर आठवडे पुरतो. पाणी मात्र गाडीत तयार होत नाही. त्यामुळे एका जागी किती दिवस राहायचं, हे शेवटी पाण्याची टाकी ठरवते.

मग हे पाणी मिळतं कुठे, ते पिण्यासारखं आहे हे कसं ओळखायचं आणि गावातल्या नळावर गाडीवाल्यांचा हक्क किती? जरा समजून घेऊ.

आधी टाकीचा हिशोब

मध्यम आकाराच्या मोटारहोममध्ये चांगल्या पाण्याची टाकी साधारण १०० लिटरची असते. छोट्या कॅम्पर व्हॅनमध्ये ती ३० लिटरचीही असते.

१०० लिटर खूप वाटतं? इंग्लंडमध्ये घरी राहणारा एक माणूस दिवसाला सरासरी १४० लिटरच्या आसपास पाणी वापरतो. घरातल्या शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज जातं. म्हणजे दहा मिनिटं निवांत आंघोळ केली की अख्खी टाकी रिकामी.

म्हणून गाडीत राहणारे लोक वेगळ्या सवयी लावून घेतात. अंग ओलं करायचं, शॉवर बंद, साबण लावायचा, मग पुन्हा सुरू. भांडी धुण्याआधी कागदानं पुसून घ्यायची. असं काटकसरीनं वागलं तर दोघांना १०० लिटर तीन-चार दिवस पुरतं.

मग मोठी टाकी का बसवत नाहीत? कारण वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. युरोपात कारच्या साध्या लायसन्सवर वर्षानुवर्षं ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येत आली आहे. ब्रिटनमध्येही १ जानेवारी १९९७ पासून कारची टेस्ट पास झालेल्यांना हाच नियम लागू झाला. गाडी, फर्निचर, माणसं, सायकली आणि वर १०० किलो पाणी धरलं की काटा मर्यादेला टेकतो. त्यामुळे कित्येक कंपन्या गाडीचं वजन सांगताना टाकीत फक्त २० लिटर पाणी धरतात. अनुभवी लोक घरून टाकी फुल्ल करून निघत नाहीत, मुक्कामाच्या जवळ पोचल्यावर भरतात. त्यासाठी जवळ कुठे पाणी आहे हे आधीच माहीत असावं लागतं.

फ्रान्स सोपा, ब्रिटन अवघड

या बाबतीत फ्रान्समध्ये गाडीवाल्यांची सगळ्यात चांगली सोय आहे. तिथे अनेक लहान गावांनी मोटारहोमसाठी थांबे केले आहेत. त्यांना 'एअर' म्हणतात. तिथे एक खांब असतो. त्याला चांगल्या पाण्याचा नळ, खाली सांडपाणी सोडायची जाळी आणि संडासाची टाकी रिकामी करायची सोय असते. काही ठिकाणी हे फुकट असतं, काही ठिकाणी नाणं किंवा कार्ड टाकून दोन ते पाच युरोत १०० लिटरच्या आसपास पाणी मिळतं. काही सुपरमार्केटच्या पार्किंगमध्येही असे खांब असतात. गावाचा फायदा असा की पाण्यासाठी थांबलेला माणूस ब्रेड, चीज आणि भाजीही तिथेच घेतो.

जर्मनीत अशा थांब्यांना 'श्टेलप्लाट्झ' म्हणतात. इटलीत गावोगावी कारंजी आणि सार्वजनिक नळ आहेत. एकट्या रोममध्ये सतत वाहणारे सुमारे अडीच हजार नळ आहेत. त्यांची तोटी मोठ्या नाकासारखी दिसते म्हणून लोक त्यांना 'नाझोनी' म्हणतात.

ब्रिटनमध्ये असं जाळं नाही. तिथे लोक कॅम्पसाइटवर थोडे पैसे देऊन टाकी भरतात, पबमध्ये जेवायला बसले की मालकाला विचारतात, नाहीतर एखाद्या शेतकऱ्याला विनंती करतात. स्कॉटलंडमध्ये गावांच्या चौकात पाण्याच्या बाटल्या भरायचे सरकारी नळ बसवले आहेत. पण ते बाटलीसाठी आहेत, पाइप लावून १०० लिटर ओढण्यासाठी नाहीत.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं लोकांना मोकळ्या जमिनीवर फिरण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क दिला. नॉर्वेत असाच हक्क १९५७ पासून कायद्यात आहे. पण हे हक्क मोटारगाडीशिवाय फिरणाऱ्यांचे आहेत. मोटारगाडीला ते लागू होत नाहीत. त्यामुळे मोटारहोमवाला रानात थांबतो तेव्हा बऱ्याचदा तो स्थानिक लोकांच्या चालवून घेण्यावर थांबलेला असतो.

पाणी शोधायला आता मोबाइल कामाला येतो. पार्क फोर नाइट आणि कॅम्परकॉन्टॅक्ट ही अॅप्स थांबे आणि नळ दाखवतात. ओपनस्ट्रीटमॅपवर तर दोन वेगवेगळ्या खुणा आहेत, एक पिण्याच्या पाण्याच्या नळासाठी आणि दुसरी टाकी भरता येईल अशा मोठ्या पाण्याच्या जागेसाठी. पण अॅपवर विसंबून चालत नाही. थंडीत पाइप गोठून फुटू नयेत म्हणून डोंगरातले बरेच नळ बंद ठेवतात. उन्हाळ्यात हिरवी दिसणारी खूण डिसेंबरमध्ये कोरडी निघू शकते.

नळ दिसला म्हणजे पाणी चांगलं?

इथेच खरी चूक होते. युरोपात प्रत्येक नळाचं पाणी पिण्याचं नसतं. पाटीवरचे शब्द पाठ करून ठेवलेले बरे. फ्रान्समध्ये 'ओ पोताब्ल' म्हणजे पिण्यायोग्य, 'ओ नों पोताब्ल' म्हणजे नाही. जर्मनीत 'ट्रिंकवासर' म्हणजे पिण्याचं, त्याआधी 'काइन' लागलं की विषय संपला. स्पेनमध्ये 'आग्वा पोताब्ले', इटलीत 'आक्वा पोताबिले', आणि त्याआधी 'नो' किंवा 'नॉन' असेल तर प्यायचं नाही. पाटीच नसेल तर पाणी पिण्याचं नाही असंच धरून चालायचं.

बरेच लोक स्मशानभूमीतला नळही शोधतात. थडग्यांवरच्या फुलांना पाणी घालायला तिथे नळ असतो. पण ते पाणी कित्येकदा विहिरीचं किंवा साठवलेलं असतं. शिवाय कुणी आपल्या माणसाच्या थडग्यापाशी उभं असताना शेजारी पाइप घेऊन टाकी भरत बसणं शोभत नाही.

पाटी नीट असली तरी एक धोका उरतो. थांब्यावर चांगल्या पाण्याच्या नळाशेजारीच संडासाची टाकी धुवायचा नळ असतो. काही महाभाग ती टाकी थेट चांगल्या नळाच्या तोंडाला लावून धुतात. म्हणून जाणकार लोक आधी नळाची तोटी जंतुनाशकानं पुसतात, थोडं पाणी वाहू देतात आणि मग स्वतःचा वेगळा, स्वच्छ पाइप लावतात. संडास धुवायचा पाइप आणि पिण्याचा पाइप कधीही एका खणात ठेवायचा नाही.

मग झऱ्याचं पाणी?

डोंगरातला झरा काचेसारखा स्वच्छ दिसतो. पण अर्धा किलोमीटर वर एखादी मेंढी मरून पडलेली असेल तर ती खालून दिसत नाही. गुरं-मेंढरं चरतात तिथल्या पाण्यात जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे सूक्ष्मजीव असू शकतात. त्यांच्यामुळे जुलाब लागतात आणि ते कित्येक दिवस थांबत नाहीत.

यातला क्रिप्टोस्पोरिडियम जास्त चिवट. आपण पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकून निश्चिंत होतो, पण नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीनला तो दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या नळाच्या पाण्यात तो शिरला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. मे २०२४ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ब्रिक्सहॅम या पर्यटनाच्या गावातही हेच झालं. सुमारे १७ हजार घरं आणि दुकानांना पाणी उकळून प्यायला सांगावं लागलं.

उपाय जुनाच आहे, उकळणं. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट आणि दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं उकळलं की जीवाणू, विषाणू आणि हे परजीवी सगळे मरतात. चांगला बारीक फिल्टर जीवाणू आणि परजीवी अडवतो, पण साध्या फिल्टरमधून विषाणू निसटू शकतात. आणि शेतातून वाहून आलेली कीटकनाशकं उकळूनही जात नाहीत. म्हणून शेतांच्या खालच्या अंगाचं पाणी घेऊच नये.

टाकीतही घोळ होतो

पाणी चांगलं भरलं तरी ते टाकीत किती दिवस आणि किती गरम राहतं, यालाही महत्त्व आहे. २० ते ४५ अंश तापमानात साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जीवाणू वाढतात. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ पसरली, त्यावरून या जीवाणूंना हे नाव मिळालं. शॉवरचे बारीक तुषार श्वासातून फुप्फुसात गेले की हा आजार होतो. म्हणून उन्हात आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीची टाकी आधी रिकामी करायची, धुवायची आणि मगच भरायची. कित्येक जण टाकीचं पाणी फक्त भांडी आणि आंघोळीला वापरतात. पिण्यासाठी वेगळा कॅन ठेवतात.

शेवटी पाणी कुणाचं?

२०२२ चा उन्हाळा फ्रान्सला फार जड गेला. दुष्काळानं शंभराहून जास्त गावांच्या नळाला पिण्याचं पाणी उरलं नाही. तिथे टँकरनं पाणी पोचवावं लागलं. टँकरची वाट बघणं म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

अशा गावात बाहेरची गाडी येऊन सार्वजनिक नळावरून १०० लिटर घेऊन गेली तर गावकऱ्यांना काय वाटेल? उन्हाळ्यात तिथे एक गाडी येत नाही, वीस येतात. त्यात कुणी नळावर गाडी धुतो, कुणी सांडपाणी ओढ्यात सोडतो. मग गाव नळाची चावी काढून घेतं आणि पार्किंगच्या तोंडावर उंचीचा अडसर बसवतं. मोठ्या गाड्या आत येऊच नयेत म्हणून. एकाच्या वागण्याची शिक्षा मागून येणाऱ्या सगळ्यांना होते.

म्हणून नियमानं वागणारे लोक काही गोष्टी पाळतात. विचारल्याशिवाय नळाला पाइप लावायचा नाही. बाटलीच्या नळावर बाटलीच भरायची. टंचाई असेल तर पुढच्या मोठ्या गावात पैसे देऊन भरायचं. सांडपाणी आणि संडासाची टाकी ठरलेल्या जागीच रिकामी करायची. आणि जिथून पाणी घेतलं त्या गावात चार पैसे खर्च करायचे.

महाराष्ट्र सरकारनंही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅम्पर व्हॅन आता आपल्याकडेही रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. एप्रिल-मे महिन्यात घाटमाथ्यावरच्या एखाद्या वाडीत अशी गाडी थांबेल, तेव्हा तिथल्या बाया दोन हंड्यांसाठी विहिरीवर रांगेत उभ्या असतील. त्या रांगेत पाइप घेऊन घुसायचं, की खालच्या गावातूनच टाकी भरून वर यायचं, हे गाडीवाल्यानं निघतानाच ठरवलेलं बरं.