पडद्यावरील गोल्फची चाळीस वर्षे

पश्चिमेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेस खाडीलगतची मिठागरे आणि या दोहोंमध्ये लोहमार्गाच्या दुतर्फा दाटलेली वस्ती, अशी ज्याची चतुःसीमा त्या मुलुंडात गोल्फचे मैदान कधी झाले नाही. अठरा होलांच्या मैदानास शंभराहून अधिक एकर जमीन लागते हे ध्यानी घेता ते होण्याचा संभवही नाही. जवळचे जुने मैदान चेंबूरचे, १९२७ साली स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे. कुर्ल्यास गाडी बदलून चेंबूर गाठता येते. क्लबच्या फाटकातून आत जाण्यास मात्र सभासदत्वाची सनद लागते, आणि ती मध्यमवर्गीय उपनगरवासीयांच्या दप्तरी क्वचितच असावयाची. तरीही १९९० च्या दशकात येथील चाळींतून व सोसायट्यांतून वाढलेल्या कित्येक मुलांना पार, बर्डी, बंकर ही परिभाषा अवगत होती, आणि ती त्यांना दिली होती टीव्ही गेमच्या कॅसेटने.

त्या काळी बाजारात मिळणारी टीव्ही गेमची स्वस्त यंत्रे म्हणजे बहुतेक जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ अशी भव्य ग्वाही छापलेली असे आणि आत तेच मूठभर खेळ नावे पालटून पुनःपुन्हा हजर होत. त्यांत १९८४ चा ‘गोल्फ’ पुष्कळदा असे. मारिओ आणि काँट्रा यांच्या गदारोळात हा संथ खेळ लावणाऱ्या मुलास इतरांचा उपहास सोसावा लागे, हे खरे. परंतु जो त्यात रमला तो सहसा त्यातून सुटला नाही.

याचे कारण त्या खेळाच्या रचनेत आहे. त्याचे प्रोग्रॅमिंग सातोरु इवाता यांनी केले, जे पुढे २००२ साली निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. तुटपुंज्या स्मृतीत अठरा होल बसवताना त्यांनी गोल्फमधील शरीर वजा केले आणि मन तेवढे ठेवले. पडद्याच्या तळाशी एक पट्टी. कळ दाबताच तीवरील खूण सरकू लागते, दुसऱ्यांदा दाबल्यावर फटक्याचा जोर ठरतो, आणि खूण परत येताना तिसऱ्यांदा दाबली की चेंडू सरळ जाणार की भरकटणार याचा निवाडा होतो. कमरेची फिरकी नाही, मनगटाची पकड नाही. पण आधीच्या होलवर चुकलेल्या फटक्याचा राग मनात धरून कळ दाबणाऱ्याचा चेंडू हमखास पाण्यात जावा, हा गोल्फचा जो मूळ स्वभाव, तो त्या ओबडधोबड चित्रातही शाबूत राहिला. पुढे आलेल्या बहुसंख्य गोल्फ-खेळांनी ही वहिवाट किरकोळ फेरफार करून चालवली, यातच तिचे सामर्थ्य दिसून येते.

संगणकावर १९९० मध्ये अमेरिकेच्या ॲक्सेस सॉफ्टवेअरचा ‘लिंक्स’ आला आणि खेळाची महत्त्वाकांक्षा पालटली. खऱ्या मैदानांची प्रतिकृती, खरी वाटावी अशी झाडे. मात्र तत्कालीन संगणकांवर प्रत्येक फटक्यानंतर ते दृश्य तुकड्यातुकड्याने रेखले जाईपर्यंत खेळाडूने हातावर हात ठेवून बसावे. सौंदर्याच्या या स्पर्धेत १९९८ पासून टायगर वुड्सचे नाव धारण करणारी इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सची मालिका अग्रभागी राहिली. तिने जॉयस्टिकची लहानशी काडी मागे ओढून पुढे ढकलण्याची रीत रूढ केली. ती पट्टीहून स्वाभाविक होती, यात संशय नाही. पण तिच्यासवे अतिमानुषताही आली. थोड्या सरावानंतर सामान्य खेळाडू अठरा होलांत पारहून डझनभर फटके कमी घेऊ लागला, आणि जेथे अपयशाची धास्ती उरली नाही तेथे गोल्फही उरले नाही, असे माझे मत आहे. २००६ च्या ‘वी स्पोर्ट्‌स’ने तर हातच फिरवावयास लावला, गंमत अशी की त्यातील नऊ होल त्याच १९८४ च्या खेळातून उचललेले होते.

सर्वांत मोठी उणीव मात्र ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, उघडी पडते. चढउतार डोळ्याला फसवतात, म्हणून प्रत्यक्ष मैदानावर कॅडीचा सल्ला घेतला जातो. आपल्याकडे कॅडी हा केवळ पिशवी वाहणारा नव्हे. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणूनच वाढले. ज्या माणसाने गवताची दिशा पायांनी ओळखावी, त्याचे सारे ज्ञान या खेळांनी पडद्यावरील एका जाळीत आणि दोनचार आकड्यांत कोंबले. तीच गत चालण्याची: चार तासांची पायपीट वीस मिनिटांत उरकते, हा लाभही आहे आणि तोटाही.

या रूढ वाटेस अपवाद दोन, आणि योगायोगाने दोन्ही २०१४ चे. ‘डेझर्ट गोल्फिंग’मध्ये वाळू, चेंडू आणि एकामागून एक येणारे होल यांवाचून काहीच नाही; चुकलेला फटका पुसून पुन्हा आरंभ करण्याची मुभा नाही, आणि म्हणूनच तो मला भरजरी खेळांहून अधिक प्रामाणिक वाटतो. ‘द गोल्फ क्लब’ने मैदान रचण्याची साधनेच खेळणाऱ्याच्या हाती दिली. मुलुंडच्या मिठागरांवर सरकारी परवाना न घेता, पक्ष्यांना न उठवता, अठरा होल आखण्याची सोय अशी झाली.

राहता राहिला मक्त्याचा प्रश्न. खऱ्या खेळाडूंची व स्पर्धांची नावे मुदतीच्या करारावर मिळतात; मुदत संपली की खेळ बाजारातून उठतो. २०१५ चा रॉरी मॅकिलरॉयच्या नावाचा खेळ २०१८ मध्ये असाच डिजिटल दुकानांतून नाहीसा झाला. तेव्हा जो वाचक आज असा खेळ घेऊ इच्छितो त्याने चित्रांच्या झगमगाटास न भुलता प्रथम एवढे पाहावे, की तो इंटरनेटवाचून चालतो किंवा नाही, आणि पदरात कोणती मैदाने पडतात व कोणत्या मैदानांचे पैसे मागाहून निराळे मोजावे लागतात.