दूरच्या यंत्रावरची हुकमत

11 सप्टेंबर 1940 रोजी, अमेरिकेतील हॅनोव्हर येथे, डार्टमथ महाविद्यालयात अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या अधिवेशनासाठी जमलेल्या गणितज्ञांपुढे जॉर्ज स्टिबिट्झ यांनी जे गणकयंत्र चालवून दाखविले, ते मुळात त्या सभागृहात नव्हतेच. शेकडो रिले बसविलेले ते अवजड यंत्र तेथून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, न्यूयॉर्कमधील बेल प्रयोगशाळेत, आपल्या जागी उभे होते. सभेत आणला होता तो केवळ एक टेलिप्रिंटर. श्रोत्यांपैकी कोणी संमिश्र संख्यांचे उदाहरण घालावे, ते तारेवरून न्यूयॉर्कला जावे आणि मिनिटभराच्या आत उत्तर समोरच्या कागदावर छापून यावे, हा प्रकार पाहणाऱ्यांत नॉर्बर्ट वीनर होते आणि पुढे एनिॲक हा संगणक उभारणारे जॉन मॉकलीही होते. हुकूम कोणाचा, हा प्रश्न मात्र त्या दिवशी कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते, कारण तार एकच होती आणि तिच्या टोकाशी कोण बसले आहे ते सर्वांना दिसत होते.

29 ऑक्टोबर 1969 च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकात शिरण्यासाठी 'लॉगिन' या शब्दाची अक्षरे धाडण्यास आरंभ केला, तेव्हा एल आणि ओ पोहोचताच पलीकडचे यंत्र कोलमडले. तासाभराने जोडणी सफल झाली. हे ज्या जाळ्यावर घडले त्या अर्पानेटवर रूढ झालेली टेलनेट ही पद्धत एकमेकांस ओळखणाऱ्या संशोधकांच्या मेळ्यात जन्मली, आणि म्हणूनच की काय, तिच्यात सांकेतिक शब्दसुद्धा उघड्या अक्षरांत रवाना होई. वाटेत कान देऊन बसलेल्यास तो वाचण्यास कसलाही सायास पडत नसे.

अशाच एका चोरट्याने 1995 साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यातून सांकेतिक शब्द टिपले, आणि त्या अनुभवातून तेथील तातू इलोनेन यांनी एसएसएच हा प्रोग्रॅम लिहून त्याच वर्षी जगापुढे खुला ठेवला. आजच्या एसएसएचमध्ये दोन यंत्रे आपसांत एक गुपित असे ठरवितात की ते तारेवरून जातच नाही, तरी दोघांपाशी सारखेच तयार होते, आणि पुढची सारी बातचीत त्याच्या आधारे कूटबद्ध होते: या गणिती करामतीचे कौतुक करावे तितके थोडेच. परंतु अनोळखी यंत्राशी पहिल्यांदा जोडणी करताना एसएसएच त्या यंत्राच्या किल्लीचा ठसा पडद्यावर मांडून, ही ओळख मान्य आहे काय, असे रीतसर विचारते. आणि भलेभले जाणकारही, तलाठ्याने पुढे केलेल्या कागदावर अंगठा उमटवावा तसे, तो ठसा न वाचताच 'येस' टंकून मोकळे होतात.

सुरक्षित झाला तो मार्ग. हुकूम देणारा खरोखर मुखत्यार आहे की नाही, हे ठरविण्याचे काम शिल्लकच राहिले. बँकेचा अधिकारी असल्याची बतावणी करून फोनवरून ग्राहकाला एखादे ॲप घ्यावयास लावायचे, त्यातला आकडा त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचा आणि त्याच्या मोबाइलचा ताबा मिळवून खाते रिकामे करायचे, या लबाडीविषयी आपल्या रिझर्व्ह बँकेला 2019 साली सावधगिरीची सूचना काढावी लागली. येथे कोणतेही कूट फोडलेले नसते. मालकच सनद देतो.

23 डिसेंबर 2015 च्या दुपारी पश्चिम युक्रेनमधील इव्हानो-फ्रांकिव्स्क येथील वीज नियंत्रण कक्षात याहून भयंकर प्रकार घडला. तेथील एका कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला आणि उपकेंद्रांचे ब्रेकर एकामागून एक उघडू लागला. त्याने माउस धरून प्रतिकार करू पाहिला, तोच घुसखोरांनी त्याला बाहेर काढून त्याचा सांकेतिक शब्दही बदलून टाकला. घुसखोर आले होते ते चोरलेल्या, परंतु अस्सल सांकेतिक शब्दांनिशी. तीन वितरण कंपन्यांच्या सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली. शिवाय दूरवरून ब्रेकर पुन्हा जोडता येऊ नयेत म्हणून उपकेंद्रांतील दळणवळणाची उपकरणेही त्यांनी निकामी केली होती. त्यामुळे कंपन्यांना आपली माणसे गाड्यांतून उपकेंद्रांवर धाडावी लागली, आणि त्यांनी ब्रेकर हातांनी ओढून काही तासांत पुरवठा पूर्ववत केला.