ऑपरेशन झालेल्या माणसाला रात्री झोपू द्या



ऊस विकास खात्याने लागण, खोडवा, पाचट सोडून दवाखान्यावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण प्लॉट पाहणीला आम्ही गावोगाव जातो, तेव्हा ऑपरेशन होऊन आलेले सभासद भेटतात. टाक्यांचे दुखणे सांगतातच, पण “साहेब, दवाखान्यात रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही,” ही तक्रार हमखास असते.

ऑपरेशननंतर पहिल्या काही रात्री झोप मुळातच तुटक असते. औषधे, दुखणे व शरीरावर पडलेला ताण यामुळे गाढ झोप लागत नाही. त्यात आवाजाने सारखी जाग आली की नाडी व रक्तदाब वाढतो. झोप अपुरी झाली की दुखणे जास्त जाणवते. वयस्कर माणूस तर कधी कधी भ्रमिष्टासारखे बोलू लागतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले, त्यात गोंगाटावर स्वतंत्र प्रकरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सांगितले, की वॉर्डात रात्री सरासरी आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा. आपले साधे बोलणेच ६० डेसिबलच्या आसपास असते! मग खाटेशेजारी चाललेल्या गप्पांचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

सभासदांनी एवढे जरूर पाळावे :

१) रात्री रोग्याजवळ एकच माणूस थांबावा. जीप भरून जाणाऱ्यांनी भेटीच्या वेळेतच जावे.

२) मोबाईलचा आवाज बंद ठेवावा. बोलायचे तर वॉर्डाबाहेर जावे.

३) स्टूल ओढू नये, उचलून ठेवावे. डबे-भांडी आदळू नयेत, दार हळू लावावे.

४) औषध, नाडी, रक्तदाब शक्य तर एकाच फेरीत व्हावे आणि दिवे मंद करावेत, अशी सिस्टरना विनंती करावी. मात्र तपासणीला आडकाठी करू नये. यंत्राचा गजर वाजला तर सिस्टरना बोलवावे, आपण हात लावू नये.

५) डॉक्टरांना विचारून कानात बोळे घालावेत, डोळ्यांवर पट्टी बांधावी.

आता आपल्या घरचे. हंगामात ऊस वाहतूक रात्रभर चालते. दवाखाना रस्त्यालगत असला तरी ट्रॅक्टरवरची गाणी मोठ्याने चालूच असतात, वर हॉर्न. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दवाखान्याभोवती शांतता क्षेत्राची तरतूद आहे. तेथे रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत मर्यादा ४० डेसिबल. पण कायद्याचा धाक कशाला? आत पडलेला माणूस आपलाच कोणी सभासद, तोडकरी किंवा ड्रायव्हर असतो. वाहतूकदारांनी दवाखाना दिसला की गाणी बंद करावीत व विनाकारण हॉर्न वाजवू नये. याने एका खेपेचेही नुकसान होत नाही.

ऊस तुटल्यावर बुडख्याला नवे फुटवे येत असताना आपण त्यात गाडी घालत नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या रात्रीला तेवढेच जपावे, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी