'अ ते ह'मध्ये सगळी लिपी येते का?

आता मंडळी, लायब्ररी म्हणजे पुन्हापुन्हा वापरता येणारा तयार कोड. आपल्या या छोट्या लायब्ररीचं काम एकच: एखादं चिन्ह दिलेल्या पट्ट्यात बसतं का, ते सांगणं. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. देवनागरीचा पट्टा २३०४ ते २४३१, म्हणजे १२८ जागा. त्यात 'अ' २३०९ वर, 'ह' २३६१ वर.

समजा, नावाच्या रकान्यात 'अ ते ह' एवढंच चालेल असं ठरवलं. काना २३६६ वर, म्हणून तो बाहेर, वेलांट्याही बाहेर. अनुस्वार २३०६ वर, तो अलीकडेच राहिला. मग 'शांता'चं उरतं काय? 'शत'! लायब्ररीला क्रम कळतो, लिपी नाही. तेव्हा सीमा आखण्याआधी विचार आपणच करायचा.